सतरा गावांचा झिरो

जफरचा हात जळाला त्या दिवशी पुंडलिकराव भोयर यांच्या अंगात कडक इस्त्रीचा खाकी शर्ट होता. त्या शर्टाचा धुलाई भत्ता त्यांना दर महिन्याला मिळत होता. सायकल भत्ता मिळत होता, जोखीम भत्ताही मिळत होता. सायकल जफर चालवत होता. जोखीम जफर घेत होता. मळायचं म्हणाल तर शर्टही जफरचाच मळत होता, पण जफरच्या शर्टाला कोण भत्ता देतो?

पुंडलिकराव चोर नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांच्या सबस्टेशनला लाईनमनची चार पदं मंजूर होती. दोघं रिटायर झाले, एक वशिला लावून नागपूरकडे बदलून गेला, तिन्ही जागा तशाच पडून राहिल्या. वीज बोर्ड होतं तेव्हा वरचे म्हणत, भरती निघणार आहे. बोर्डाची कंपनी झाली तेव्हा तेच वरचे म्हणू लागले, भरती आता विसरा. या बोलाचालीत सतरा गावं, ट्रान्सफॉर्मरच्या सव्वाशे डीप्या आणि शेताशेतातून गेलेली सगळी तार एकट्या पुंडलिकरावांच्या गळ्यात आली. वय चोपन्न. दोन्ही गुडघे वाजायचे. अकरा वर्षांपूर्वी एकदा पोलवर असताना डोळ्यापुढे काळोख आला आणि पोलाला मिठी मारून ते पाऊण तास तसेच लटकून राहिले. खाली उतरले ते पुन्हा चढले नाहीत.

तेव्हाच्या साहेबांना त्यांनी खरं ते सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "अनफिट लिहून देऊ का? घरी बसाल मग." पुंडलिकराव तसेच परत आले. आणि खेड्यापाड्यातले लाईनमन जे करतात तेच त्यांनी केलं. एक झिरो ठेवला.

झिरो वायरमन म्हणजे ज्याला कंपनी ओळखत नाही आणि ज्याच्याशिवाय कंपनीची लाईन एक दिवस चालत नाही, असा माणूस. त्याला ना हुद्दा, ना हजेरी, ना पावती. लाईनमन आपल्या पगारातून त्याला काहीबाही देतो, शेतकरी चहापाणी देतात. साहेबाला माहीत असतं, साहेबाच्या साहेबाला माहीत असतं. सरपंच तर थेट झिरोलाच फोन करतो.

जफर राळेगावच्या बसस्टँडामागे मोटारी भरायचा. पंपाची मोटार जळाली की तिच्यात नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायची, हे बापजाद्यांचं काम. कापसाचा भाव बसला तशी लोकांनी मोटार भरून घेणंही बंद केलं. पाणी देऊन ओलित करणंच परवडेना तर मोटार कोण भरतो? दुकान बसलं. पुंडलिकराव एकदा त्याच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "जफर, पोलवर चढता येते काय बे?"

जफर म्हणाला, "दादा, चिंचेवर चढतो मी. पोल त सरळ असते."

तेव्हापासून तो चढत होता. सतरा गावांतली कुठली डीपी पावसात ठिणग्या टाकते, कुठल्या पोलावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकलाय, कुठल्या शेतात साप निघतो, सगळं त्याला पाठ. पुंडलिकरावांना कंपनीनं दिलेले रबरी हातमोजे मात्र त्यांच्या घरी ट्रंकेत होते, पावडर लावून ठेवलेले. हरवले तर पगारातून कापतात आणि तपासणीला दाखवावे लागतात. करंट उतरवायचा दांडा, तोही ट्रंकेमागे उभा. जफरनं आपल्यापुरती एक लोखंडी साखळी केली होती. काम सुरू करायच्या आधी ती तारांवर टाकायची, दुसरं टोक जमिनीत रोवायचं. चुकून करंट आलाच तर साखळीतून मातीत जावा म्हणून.

आता परमिटची गोष्ट, कारण सगळं त्यात आहे.

पोलवर चढायच्या आधी लाईन बंद करून घ्यावी लागते. त्यालाच परमिट म्हणतात. नियम असा, की लाईनमननं स्वतः सबस्टेशनवर यायचं, रजिस्टरात ‘घेतलं’ या रकान्यात सही करायची. ऑपरेटर त्या भागाला वीज नेणारी मुख्य लाईन, म्हणजे फीडर, बंद करतो. काम झालं की त्याच माणसानं पुन्हा यायचं, ‘परत केलं’ या रकान्यात सही करायची, मग फीडर चालू. ज्यानं हा नियम लिहिला त्यानं एका सहीसाठी वीस किलोमीटर सायकल हाणली नसणार.

रीत वेगळीच होती. जफर गावातल्या एसटीडीवरून फोन लावायचा. "पुंडलिकराव बोलून राह्यलो. सावळखेड फीडरचं परमिट द्या." जुना ऑपरेटर आवाज ओळखायचा, हसायचा. "घ्या, पुंडलिकराव!" फीडर बंद. काम झालं की पुन्हा तसाच फोन, फीडर चालू. मग आठवड्यानं, कधी पंधरवड्यानं, खरे पुंडलिकराव ऑफिसात यायचे, रजिस्टर पुढ्यात ओढायचे आणि रिकाम्या राहिलेल्या रकान्यांत वरपासून खालपर्यंत सह्या मारत जायचे. घेतलं, परत केलं. घेतलं, परत केलं. अकरा वर्षांत एकदाही घोटाळा झाला नाही. झाला नाही म्हणूनच तर सगळ्यांना ती रीत नियमापेक्षा पक्की वाटत होती.

जफरचा हात जळायच्या पंधरवडाभर आधी जुना ऑपरेटर बदलून गेला आणि नयन नावाचा पोरगा आला. पोरगा म्हणजे सव्वीस वर्षांचा, आयटीआय केलेला, नोकरीच्या पहिल्याच वर्षात. जाताना जुन्यानं त्याला समजावून दिलं, की पुंडलिकरावांचा फोन आला की परमिट द्यायचं, सहीसाठी अडून बसायचं नाही. फोनवरचे पुंडलिकराव वेगळे आणि खुर्चीवरचे वेगळे, एवढंच सांगायचं राहून गेलं. सांगायचं राहिलं, कारण तिथं ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

त्या मंगळवारी सावळखेडला एक पुढारी येणार होता. गावात एका शेतकऱ्यानं पिकावरचं औषध घेतलं होतं, त्याच्या घरी चेक द्यायला. त्या दोन वर्षांत ही रीतच पडली होती: माणूस मेला की आधी पोलीस, मग पुढारी, आणि पुढारी येणार म्हणून लाईनमनला निरोप. माईक बंद पडता कामा नये. सावळखेडच्या पोलावरचा एक इन्सुलेटर फुटला होता. साहेबांनी पुंडलिकरावांना फोन केला, "पाठवा कोणाला तरी." पुंडलिकरावांनी जफरला फोन केला. जफरनं साडेनऊला नयनला फोन केला. "पुंडलिकराव बोलून राह्यलो." नयननं फीडर बंद केला, रजिस्टरात ओळ लिहिली.

अकराच्या सुमाराला खरे पुंडलिकराव सबस्टेशनवर आले. त्यांचं काम वेगळंच होतं. बढतीची जागा रिकामी नसते तेव्हा कंपनी वरच्या हुद्द्याचा नुसता पगार देते, त्याला उच्च वेतनश्रेणी म्हणतात. पुंडलिकरावांची दुसरी श्रेणी लागायची वेळ आली होती. ती लागली की शेवटच्या चार वर्षांचा पगार वाढणार होता, आणि पगार वाढला की मरेपर्यंतची पेन्शन. अट एकच, सेवापुस्तक स्वच्छ पाहिजे. फॉर्मवर साहेबांची सही घ्यायची होती. साहेब फोनवर होते. पुंडलिकराव ऑपरेटरच्या खोलीत येऊन टेकले.

"मी पुंडलिकराव भोयर," ते म्हणाले.

"नमस्कार काका," नयननं खुर्ची पुढे केली. "बसा ना. आज पह्यल्यांदाच भेट झाली आपली."

"रजिस्टर आण बापा. सह्या राह्यल्या असतील."

नयननं रजिस्टर दिलं. पुंडलिकरावांनी खिशातून पेन काढलं. डोक्यात फॉर्म होता. साहेब काही खुसपट काढतील का, सेवेच्या तारखा बरोबर लिहिल्यात का. हात मात्र आपल्या सवयीनं चालत होता. घेतलं, परत केलं. घेतलं, परत केलं. बारा ओळी. बारावी ओळ त्या दिवशीची होती, सावळखेड फीडर, साडेनऊ. ‘घेतलं’मध्ये सही झाली. ‘परत केलं’मध्येही झाली.

नयननं रजिस्टर ओढून घेतलं आणि शेवटची सही पाहिली. ज्या माणसानं परमिट घेतलं तो समोर बसलेला, त्यानं स्वतःच्या हातानं परत केल्याची सही केलेली. याहून पक्कं काय असतं? पोरानं घड्याळ पाहून वेळ लिहिली, अकरा वीस, पलीकडच्या पॅनलच्या खोलीत गेला आणि फीडर चालू केला.

स्विच बसल्याचा खट्ट आवाज पुंडलिकरावांनी ऐकला. तीस वर्षं ते तो आवाज ऐकत आले होते, त्यांनी मान वर केली नाही. लगेच दुसरा खट्ट झाला. फीडर आपोआप बंद पडला होता. लाईनवर कुठेतरी काहीतरी भिडलं होतं.

तेव्हा त्यांनी मान वर केली. आधी रजिस्टरकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या पेनाकडे.

साखळीनं जफरचा जीव वाचवला, हात वाचवला नाही. ठिणगीचा लोळ उठला तो उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजत गेला आणि तो वरून खाली नांगरलेल्या काळ्या रानात पडला. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कोपराखालचा हात काढला.

पुंडलिकराव चौथ्या दिवशी भेटायला गेले. तीन दिवस काहून गेले नाहीत, हे त्यांना कोणी विचारलं नाही. विचारायला तिथं जफरची बायको हलीमा एकटीच होती आणि तिला नळावरून पाणी आणायचं होतं.

"ये दादा," जफर म्हणाला. तोंड सुजलं होतं, पण हसला. "उजवा गेला. आता चिंचेवर बी नाई चढता येत."

पुंडलिकरावांनी मोसंबीची पिशवी खाली ठेवली.

"एक गोष्ट समजून नाई राह्यली मले," जफर म्हणाला. "परमिट त मी घेतलतं. परत केलं नवतं. एक तार बांधाची बाकी होती. मंग लाईन आली कशी? कोण्या भोकणीच्यानं चालू केली?"

पुंडलिकरावांनी पंख्याकडे पाहिलं. "चौकशी चालू हाय," ते म्हणाले.

हलीमा बादली घेऊन आली. लहान चणीची, सडसडीत बाई. बादली तिनं खाटेखाली सरकवली, पदराला हात पुसले आणि सरळ विषयाला हात घातला. "भाऊ, पोलीस आलते. म्हणतात, तुया नवरा कंपनीचा माणूसच नाई. विनापरवानगी खांबावर चढला, त्याच्यावर केस होईल. तार चोरत होता काय, असं विचारलं मले. अकरा साल तुमच्या संगं काम केलं त्यानं. तार चोराले चढला काय तो?"

"नाई ना, हलीमा."

"मंग हे तुमी कोनाले सांगतलं?"

जफर खाटेवरून म्हणाला, "अवं, दादा पाह्यते ना सगळं. तू चूप बैस."

"मी चूपच हाय," हलीमा म्हणाली. "विचारून राह्यली फक्त."

पुंडलिकराव दहा मिनिटं बसले आणि एसटी चुकेल म्हणून उठले. एसटी दर अर्ध्या तासाला होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. हे नवे साहेब, ज्युनिअर इंजिनिअर, पश्चिम महाराष्ट्रातले, बदलीसाठी दिवस मोजत बसलेले. रजिस्टर त्यांच्या टेबलावर उघडं होतं.

"बसा पुंडलिकराव. घाबरू नका. मी सगळं नीट पाहिलंय." त्यांनी बोट ठेवलं. "परमिट घेतलं, तुमची सही. परत केलं, तुमची सही. वेळ अकरा वीस. ऑपरेटरनं त्यानंतर फीडर चालू केला. एकाचीही चूक नाही. कागद अगदी स्वच्छ आहे."

"साहेब, पण मी पोलवर—"

"तुम्ही पोलवर होतात, काम झालं, तुम्ही खाली उतरलात, इथं आलात, परमिट परत केलंत. कागद हेच सांगतो. त्यानंतर कोणीतरी अनधिकृत इसम पोलवर चढला. का चढला, ते त्यानं सांगावं." साहेबांनी आवाज खाली आणला. "बुधवारी विद्युत निरीक्षक येतायत. सरकारी माणूस, आपल्या कंपनीचा नाही. तुमचा जबाब मी टाईप करून ठेवतो. तुम्ही फक्त सही करा. आणि हो, तुमच्या श्रेणीचा फॉर्म मी अजून वर पाठवलेला नाही. बुधवारनंतर पाठवतो."

बाहेर पायरीवर नयन उभा होता. चार दिवसांत पोरगं वाळून गेलं होतं.

"काका," तो म्हणाला, "तुमी समोर बसून सही केलती. मी वाचली. म्हणूनच चालू केला ना मी?"

"हो बापा. तुयी चूक नाई."

"मंग चूक कोनाची, काका?"

पुंडलिकरावांनी सायकल काढली. पोलवर चढलो नाही, हे सांगितलं तर अकरा वर्षं दुसऱ्याला चढवलं हे आलं. ते आलं की खोटी सही आली, बेशिस्त आली, निलंबन आलं. श्रेणी तर गेलीच, पेन्शनीचंही काय होईल सांगता येत नव्हतं. न सांगितलं तर काहीच करावं लागत नव्हतं. एक सही तेवढी.

घरी त्यांनी भागीरथाबाईंना सगळं सांगितलं. बायकोपासून त्यांनी कधी काही लपवलं नव्हतं. त्या जफरला दिवाळीला चिवडा बांधून द्यायच्या आणि ईदला हलीमाकडून शेवया यायच्या. भागीरथाबाई ज्वारी पाखडत होत्या. ऐकता ऐकता सूप थांबलं.

"वैष्णवीचं लग्न ठरून राह्यलं," त्या म्हणाल्या. वैष्णवी म्हणजे त्यांची मुलगी.

"ठाऊक हाय मले."

"मी असं नाई म्हनत का बोलू नका. मी म्हनते, लग्न ठरून राह्यलं."

"मंग काय करू?"

"मले काय विचारता? पोलवर तो चढत होता तवा विचारलं व्हतं काय मले?" त्यांनी सूप पुन्हा हलवलं. "तो हात त्याचा गेला, पन सही कोनाच्या हाताची व्हती, थे मले ठाऊक हाय अन् तुमाले बी. इतर कोनाले नाई. एवढंच हाय पाहा."

बुधवारी निरीक्षक आले. पन्नाशीचे, चष्मा गळ्यात अडकवलेला, हातात कापडी पिशवी. साहेबांनी नाश्त्याला सांगितलं, तर म्हणाले घरून करून आलोय. त्यांनी रजिस्टर पाहिलं, नयनचा जबाब घेतला. नयननं जे घडलं ते सांगितलं: भोयर काकांनी सही केली, मी चालू केला. खरंच होतं ते.

मग पुंडलिकरावांचा टाईप केलेला जबाब पुढे आला. खाली रिकामी जागा, पेन्सिलीनं फुली मारलेली, इथं सही करा म्हणून.

केबिनच्या दारात हलीमा उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. चौकशी आहे, एवढं तिनं कुठून तरी ऐकलं आणि दवाखान्यातून पहिली एसटी धरून आली. शिपायानं हटकलं तर म्हणाली, "मी बोलून नाई राह्यली, उभी हाय."

पुंडलिकरावांनी जबाब वाचला. ‘सदर इसमास मी ओळखत नाही,’ असं त्यात तिसऱ्या ओळीत होतं. साहेबांनी ते आपल्या मनानं घातलं होतं. म्हातारा न वाचता सही करतो, हे तेही जाणून होते.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"हे खोटं हाय," ते म्हणाले.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "पुंडलिकराव, बरं वाटत नसेल तर नंतर—"

"मले बरं हाय. हा इसम म्हंजे जफर. मीच त्याले सकाळी पाठवलतं. तुमी मले सांगतलं, मी त्याले सांगतलं. अकरा वर्षं झाले, तोच चढते. मी चढत नाई. चढताच येत नाई मले. परमिट बी त्यानंच घेतलतं, माया नावानं, फोनवर. तो पोलवर होता अन् मी इथं बसून सह्या करत होतो, पंधरवड्याच्या, एकदम. त्याच्यात त्या दिवशीची बी झाली. लाईन माया सहीनं चालू झाली, साहेब. या पोराची काई चूक नाई."

पुंडलिकरावांनी दाराकडे पाहिलं नाही. पाहण्याची हिंमत नव्हती, खरं सांगायचं तर.

"यांची मानसिक अवस्था ठीक नाही सर," साहेब निरीक्षकांना म्हणाले. "जुनी ओळख असेल, दया आली असेल. रजिस्टर तुमच्यासमोर आहे. अकरा वर्षांच्या सह्या आहेत, रोजच्या रोज."

निरीक्षकांनी चष्मा लावला. "साहेब म्हणतात ते बरोबर आहे, भोयर. कागद तुमच्या विरुद्ध बोलतोय. सह्या एकदम केल्या, पोलवर तुम्ही नव्हता, याला आधार काय?"

आधार काय? खोटं पचवायला कोणी आधार मागत नाही, खऱ्यालाच मागतात. सतरा गावं साक्षीला होती, पण गावं काही केबिनमध्ये बसत नाहीत. मग त्यांना श्रेणीचा फॉर्म आठवला. त्याच्या मागच्या पानावर वर्षभराच्या रजा लिहायच्या होत्या, आणि त्या त्यांनी तारखांसकट, वळणदार अक्षरात, स्वतः लिहिल्या होत्या.

"सप्टेंबर काढा," ते म्हणाले. "नऊ तारखेपासून एकोणीसपर्यंत."

निरीक्षकांनी पानं उलटली. नऊ, दहा, बारा, तेरा... दर एक-दोन दिवसाआड परमिट होतं, घेतलेलं आणि परत केलेलं. सगळीकडे पु. भोयर.

"या अकरा दिवसांत मी सेवाग्रामले होतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालतं, डोयाले पट्टी होती. रजा साहेबांनीच मंजूर केली, त्यायची सही हाय अर्जावर. माया फॉर्म यायच्याच टेबलात हाय, मांगचं पान पाहा." त्यांनी खणाकडे बोट दाखवलं. "डोयाले पट्टी बांधलेला मानूस पोलवर चढते काय? अन् त्या अकरा दिवसांत सतरा गावांतली एक बी लाईन बंद नाई राह्यली. कोनी चालवली मंग? साहेबांले विचारा, त्यायनं रोज फोन कोनाले केला?"

साहेबांनी टेबलाचा खण उघडला नाही. निरीक्षकांनी हात पुढे करून ठेवला आणि तो तसाच ठेवला. शेवटी फॉर्म बाहेर आला. रजेचा अर्जही आला. निरीक्षकांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले, बराच वेळ पाहत राहिले आणि टाईप केलेला जबाब घडी घालून बाजूला सारला. कोरा कागद घेतला.

"तुम्हाला माहीत आहे ना भोयर, हे तुमच्यावरच जाणार?"

"हो साहेब."

"सांगा मग. जखमी कामगाराचं नाव."

"जफर."

"पूर्ण नाव."

पुंडलिकरावांनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. अकरा वर्षं. शेवया खाल्ल्या त्याच्या घरच्या. पोलावरून उतरून आला की पाण्याचा तांब्या हातात दिला. पण पूर्ण नाव लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. त्याचं नाव लिहायचं नाही, हीच तर सगळी रीत होती.

तेव्हा त्यांना दाराकडे पाहावंच लागलं.

हलीमा दारातच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कोण्या भोकणीच्यानं लाईन चालू केली, तेही. तिचे डोळे कोरडे होते. ती पुंडलिकरावांकडे पाहत राहिली, इतका वेळ की नयननं मान खाली घातली. मग ती पुंडलिकरावांना सोडून निरीक्षकांशी बोलली.

"शेख जफर शेख हबीब," ती म्हणाली. "उमर चव्वेचाळीस. लिवा साहेब."

निरीक्षकांनी लिहिलं. "पद?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच थांबले. "इथं काय लिहायचं? हेल्पर म्हणावं तर नेमणूक नाही. कंत्राटी म्हणावं तर कंत्राट नाही."

"माया पद लिवा," पुंडलिकराव म्हणाले. "काम त्याच पदाचं करत होता."

"तसं लिहिता येत नाही."

"मंग रकाना खाली सोडू नका. खाली सोडलं का कोनी बी काई बी भरते."

निरीक्षकांनी थोडा विचार केला आणि लिहिलं: ‘लाईनमनचे प्रत्यक्ष काम करणारा कामगार, लाईनमनच्या सांगण्यावरून.’ वाचूनही दाखवलं. हलीमानं ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आता केस कोनावर होईल? त्याच्यावर त नाई?"

"त्याच्यावर नाही, बाई. हा कागद असताना नाही. भरपाईसाठी कामगार आयुक्तांकडे अर्ज करा, याची नक्कल मी देतो. वेळ लागेल. कंपनी भांडेल."

"भांडू द्या," हलीमा म्हणाली. पुंडलिकरावांच्या बाजूनं जाताना ती क्षणभर थांबली. "भाऊ, त्याले मी नाई सांगनार सहीचं. तुमी या अन् तुमीच सांगा. अन् ह्या टायमाले एसटी चुकते म्हनू नका."

ती गेली. निरीक्षक कागद पिशवीत भरू लागले. साहेब भिंतीकडे पाहत होते. निलंबनाचा मसुदा मनात चालू असावा, आणि त्या मसुद्यात आपण कुठं बसतो याचाही हिशोब. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे कोणीतरी सरपंच होता, ओरडत होता, आवाज केबिनभर ऐकू येत होता. पिंपळापूरची डीपी जळतेय, ठिणग्या उडताहेत, शेजारीच कापसाची गंजी आहे.

साहेबांनी फोनवर हात दाबून धरला आणि सवयीनं म्हणाले, "पुंडलिकराव, पाठवा हो कोणाला तरी."

पुंडलिकराव उठून उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"कोनाले पाठवू, साहेब?" ते म्हणाले. "नाव सांगा."